‘आपण तोतया आहोत’ असं वाटणाऱ्या कारागिरांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत घराच्या कोपऱ्यात, गाळ्यात किंवा गॅलरीत बसून हाताने वस्तू घडवणाऱ्यांसाठी हे पान आहे. मातीकाम, चामडं, क्रोशे, गोधड्या, हाताने बांधलेल्या वह्या, तारेचे दागिने, रेझिन, लाकूड, काम कुठलंही असो, मनातली शंका एकाच जातीची असते: ‘आपण खरे कारागीर नाहीच, हे एक दिवस उघडं पडणार.’ तिला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की ती डोकं वर काढते आणि दिवाळीपर्यंत वाढत जाते. खालच्या बहुतेक उत्तरांत एकच सूत्र आहे, ते आधीच सांगून ठेवतो: शंका आली की ती स्वतःवर घेऊ नका, वस्तूवर ठेवा. ‘मी खरा कारागीर आहे का?’ हे कुणालाच मोजता येत नाही. ‘या पाकिटाचे टाके एका रेषेत आहेत का?’ हे पट्टी ठेवली की कळतं.

इम्पोस्टर सिंड्रोम म्हणजे नक्की काय? हा आजार आहे का?

आजार नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिताना हा अनुभव मांडला. बाहेरून यश दिसत असतं, पण आतून वाटत राहतं की हे नशिबाने किंवा लोकांच्या गैरसमजाने मिळालंय आणि एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार. त्यांचा मूळ शब्द ‘इम्पोस्टर फिनॉमेनन’ असा होता. ‘सिंड्रोम’ नंतर तोंडी रुळलं, आणि त्यामुळेच तो रोग वाटतो. मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याची नोंद नाही. पुरुषांनाही तो गाठतो.

मराठीत याला जवळचा शब्द तोतया. १७६१च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक तोतया पुढे आला होता, हे आपण शाळेपासून ऐकतो. आपण भाऊ नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोतया जाणूनबुजून सोंग घेतो. तुम्ही विकत असलेली वही तुम्हीच शिवली असेल आणि तसंच सांगितलं असेल, तर यात सोंग कुठलं, हा प्रश्न स्वतःला शांतपणे विचारा.

कधी कधी उत्तर ‘आहे’ असंही येतं. घाऊक बाजारातून साच्यातल्या पणत्या आणायच्या, वर रंग द्यायचा आणि ‘हाताने घडवलेल्या’ म्हणून विकायच्या, हे सोंगच आहे. तिथे वाटणारी टोचणी खरी आहे, ती दाबू नका. पाटीवर ‘हाताने रंगवलेल्या’ असं लिहा, टोचणी थांबेल. पणत्याही विकल्या जातील.

पण मला खरंच येत नसेल तर? भीती आणि वस्तुस्थिती वेगळी कशी करायची?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ‘नाही हो, तुम्ही छानच करता’ हे त्याचं उत्तर नव्हे, कारण काही वेळा काम खरोखर कच्चं असतं. म्हणून तपासणीची पद्धत देतो. तिला तीन महिन्यांतून एकदा दीड तास लागतो.

आधी राखीव नग ठेवायची सवय लावा. प्रत्येक खेपेतला एक नग विकायचा नाही. सर्वांत चांगला निवडायचा नाही. डोळे मिटून हाताला लागेल तो घ्यायचा. मागच्या बाजूला पेन्सिलीने किंवा चिठ्ठी बांधून तारीख, साहित्य आणि लागलेला वेळ लिहायचा. जागा कमी असेल तर छोटा नमुना चालेल: क्रोशेचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा, चामड्याची शिवलेली एक कड, ग्लेझ दिलेली एक लहान फरशी.

मग तुमच्या कामाचे पाच निकष ठरवा. चामड्याच्या पाकिटासाठी ते असे असतील: टाक्यांतलं अंतर सारखं आहे का, काप सरळ आहे का, कडा घोटून गुळगुळीत झाल्या आहेत का, खिशाच्या तोंडाशी शिवण पक्की आहे का, रंग सगळीकडे एकसारखा बसला आहे का. प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण १५.

गुण तिघांनी द्यायचे, एकमेकांना न दाखवता. एक तुम्ही. दुसरी व्यक्ती तेच काम करणारी, म्हणजे जाणकार. तिसरी ती वस्तू वापरणारी, पण न बनवणारी. आई, नवरा, बायको, सख्खी मैत्रीण यांना यात घेऊ नका; त्यांची माया गुणांत उतरते. वस्तू पूर्ण झाल्यावर किमान दोन दिवस जाऊ द्या, दिवसाच्या उजेडात बघा, आणि हातभर अंतरावरून बघा. काम करताना आपले डोळे वस्तूपासून वीतभर लांब असतात, तर घेणारा ती हात लांबवून धरतो. वीतभरावरून दिसणाऱ्या निम्म्या चुका हातभरावरून दिसत नाहीत.

आता गुणांचं वाचन. पाचही निकषांत तुमचे गुण इतर दोघांपेक्षा सातत्याने कमी असतील, तर कसब ठीक आहे, तुमचा डोळा गरजेपेक्षा कडक आहे. एखाद्या निकषाला तिघांनीही ० किंवा १ दिला असेल, तर तिथे हात कच्चा आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, कारण ‘मला काहीच येत नाही’चं रूपांतर ‘मला कडा घोटता येत नाहीत’ असं झालं. उरलेल्या चामड्याच्या ५ सेंटिमीटरच्या २० पट्ट्या कापा आणि फक्त कडा घोटा. विसाव्या पट्टीपर्यंत फरक दिसला नाही, तर सराव थांबवून जाणकाराकडे जा. तुमच्या पद्धतीतच काहीतरी चुकतंय. वापरणाऱ्याने ३ दिले आणि जाणकाराने १, तर त्या दोषामुळे वस्तू आज विकली जाईल, पण टिकणार नाही. जाणकाराचं ऐका.

तपासणी फसते ती बहुतेक वेळा प्रश्नामुळे. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. निकषांचा कागद समोर ठेवा आणि आकडा मागा.

कारागिरांनाच हे इतकं का छळतं?

एक कारण म्हणजे वस्तूचा पूर्ण इतिहास फक्त करणाऱ्याला माहीत असतो. तिसऱ्या ओळीत दोरा तुटला होता, बुडाशी तडा आला होता आणि तो बुजवला, हे घेणाऱ्याला दिसत नाही, तुम्हाला मात्र दुसरं काही दिसतच नाही. दुसरं, नोकरीत बढतीचं पत्र येतं, पगाराची पावती येते. घरी बसून गोधडी शिवणाऱ्याला ‘तू आता कुशल झालीस’ असं लिहून कुणी देत नाही.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात खरं वाटतं. हात बसला की काम सोपं वाटू लागतं, आणि सोप्या वाटणाऱ्या कामाचे पैसे मागणं जड जातं. पहिल्या वर्षी एका टोपलीला सहा तास लागायचे, आता दोन लागतात, आणि मन म्हणतं, ‘दोन तासांत होणाऱ्या कामात काय मोठंसं?’ उरलेले चार तास कुठे गेले ते आठवा. ते तुमच्या हातात गेले.

मी जे.जे.ला गेलो नाही, व्हिडिओ बघून शिकलो. मी स्वतःला कारागीर म्हणू शकतो का?

हो. १८५७ साली सुरू झालेल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या कितीतरी आधीपासून या भागात कुंभार, कासार, सुतार, बुरूड काम करत होते, आणि त्यांची शाळा म्हणजे घरची ओसरी होती.

मात्र व्हिडिओवरून शिकण्यात एक खरी उणीव राहते, ती ओळखून भरून काढा. व्हिडिओत जमलेला नग दिसतो. बिघडलेला कापून टाकलेला असतो. त्यामुळे काय करायचं ते कळतं, पण बिघडलं तर का बिघडलं ते कळत नाही. शाडूच्या मूर्तीचं उदाहरण घ्या. सोंड किंवा हात जिथे जोडला तिथे तडा जातो. शिकाऊ माणूस म्हणतो, ‘माझा हातच वाईट.’ खरं कारण असं की जोडलेल्या दोन भागांत ओलावा वेगवेगळा होता, किंवा बारीक भाग जाड भागाआधी सुकून आकसला. ठाण्याच्या पावसाळ्यात मूर्ती लवकर सुकावी म्हणून एका बाजूने पंखा लावला की हमखास असं होतं. दोन्ही पृष्ठभागांवर ओरखडे काढा, त्याच मातीचा पातळ लेप लावून दाबा, बारीक भागांभोवती ओलसर फडकं सैल गुंडाळा, आणि पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा. एका वहीत डावीकडे ‘काय बिघडलं’ आणि उजवीकडे ‘कशामुळे’ असे दोन रकाने आखा. अशा तीसेक नोंदी झाल्या की गुरूकडे बसून जे मिळतं त्यातला बराच भाग हाती आलेला असतो.

मी वारली चित्रं काढते, पण मी त्या समाजातली नाही. हे ‘तोतयेपण’ आहे का?

ही शंका वेगळी आहे. तिला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणून झटकू नका. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव तिच्या मूळ मुलुखाशी कायद्याने जोडलं गेलं. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि डहाणू, तलासरी, जव्हार हा मुलूख तिकडे गेला. पाटीवर ‘वारली शैलीत रंगवलेलं’ असं लिहा, कुणाकडून शिकलात ते सांगा, आणि देवचौकासारखी विधीची चित्रं पायपुसण्यावर काढू नका.

त्याच परंपरेतली दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. लग्नाचा चौक रेखायचा मान सुवासिनींचा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे पुरुष होते. ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणायला त्यांच्याकडे सबळ कारण होतं. त्यांनी ही चित्रं रोजच्या रोज काढली, भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

किंमत सांगताना आवाजच बसतो. काय करू?

किंमत तोंडाने ठरवू नका, कागदावर ठरवा. समोर गिऱ्हाईक उभं असताना मनात जो आकडा येतो तो भीतीने काढलेला असतो.

हाताने बांधलेल्या एका लहान वहीचा हिशोब उदाहरणादाखल देतो. आकडे तुमचे टाका. कागद, पुठ्ठा, कापड, दोरा, खळ मिळून २१० रुपये. वेळ: फर्मे (एकत्र शिवायचे कागदांचे संच) दुमडायला २० मिनिटं, भोकं पाडायला १०, शिवायला ५०, पाठ आणि पुठ्ठे चढवायला ४०, शेवटची सफाई २०. एकूण १४० मिनिटं. तासाची मजुरी १५० रुपये धरली तर ३५० रुपये. झाले ५६०. दहा वह्यांत एक बिघडते, म्हणजे दहांचा ५,६०० रुपयांचा खर्च नऊ वह्यांतून निघायला हवा. दर वहीमागे ६२ रुपये वाढले. वेष्टण, वीज, सुयांची आणि पात्यांची झीज यांचे ३८. वही तुम्हाला ६६० रुपयांना पडली.

इथे सर्रास एक चूक होते. दुकानदार ३० टक्के कमिशन घेणार म्हणून लोक ६६० वर ३० टक्के चढवतात आणि ८५८ रुपये लिहितात. दुकानदार ३० टक्के ८५८ चे कापतो. हातात उरतात सुमारे ६०० रुपये, म्हणजे दर वहीला ६० रुपयांचा तोटा. बरोबर रीत म्हणजे ६६० ला ०.७० ने भागणे: सुमारे ९४३, म्हणजे पाटीवर ९५०. थेट विक्रीची आणि दुकानातली किंमत एकच ठेवा, नाहीतर दुकानदाराचा विश्वास जातो.

मजुरीची ओळ खोडायची इच्छा होईल. ‘माझ्या वेळेचे कसले पैसे!’ सोनाराच्या बिलावर घडणावळ वेगळी लिहिलेली असते आणि ती देताना गिऱ्हाईक सोनाराची पदवी विचारत नाही. तुमच्याही कागदावर घडणावळ ही ओळ असू द्या. किंमत सांगताना वाक्य पूर्ण करा आणि गप्प बसा: ‘ही साडेनऊशेची.’ पुढे ‘पण तुम्हाला जास्त वाटत असेल तर...’ जोडू नका. गिऱ्हाईक गप्प असतं तेव्हा ते बहुधा वस्तू बघत असतं.

प्रदर्शनात शेजारी पिढीजात कारागीर बसलेले असतात. तिथे मी कोण?

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हे हमखास होतं. शेजारच्या गाळ्यात तीन पिढ्या एकच काम करणारं घराणं असतं, आणि दोन वर्षांपूर्वी क्रोशे सुरू केलेली वाशीची बाई टेबलामागे आक्रसून बसते. तुलनेची गरजच नाही, कारण गिऱ्हाईक तुमची क्रमवारी लावायला आलेलं नाही; त्याला भाचीच्या वाढदिवसाला काहीतरी हवंय. दुपारी गर्दी ओसरली की शेजाऱ्याला त्यांच्या एखाद्या हत्याराबद्दल एक प्रश्न विचारा. बहुतेक कारागीर मोकळेपणाने दाखवतात.

तयारी मात्र नेटकी हवी. निम्मी घाबरगुंडी अपुऱ्या तयारीची असते. प्रत्येक नगावर किंमत लिहा, म्हणजे ती शंभरदा बोलावी लागणार नाही. किमतीच्या तीन पट्ट्या ठेवा: १०० ते १५० रुपयांच्या लहान वस्तू, ४०० ते ६०० च्या मधल्या, आणि एक-दोन मोठ्या. मोठी वस्तू विकली नाही तरी तिच्यामुळे मधली महाग वाटत नाही. टेबल सपाट भरू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर कापड टाकून मागची रांग वीतभर उंच करा. सुट्टे पैसे आणि क्यूआर दोन्ही ठेवा. हातात काहीतरी काम घेऊन बसा: विणणारे, शिवणारे हात दिसले की लोक थांबतात आणि तुमच्या हातांची थरथरही जाते.

कागदावर तीन रकाने आखून रेघा मारा: थांबले, हातात घेतलं, विकत घेतलं. लोक थांबतच नसतील तर जागा किंवा मांडणी चुकली. थांबतात पण उचलत नाहीत, तर वस्तू खूप खाली आहेत किंवा हात लावला तर रागावतील असं त्यांना वाटतंय. उचलतात पण ठेवून देतात, तर किंमत किंवा सफाई तपासा. पावसाच्या दिवशीचा हिशोब वेगळा ठेवा. यातला कुठलाही रकाना तुमची लायकी मोजत नाही.

‘हे तर घरीही करता येईल’ असं म्हणणारं कुणीतरी येतंच. ‘हो, येईल की. सुरुवातीला दोरा मेणावून घ्या, गुंतत नाही,’ असं मनापासून सांगा. खरंच करणारे फार थोडे असतात, आणि जे करतील त्यांना साडेनऊशेमागची मेहनत कळेल.

वस्तू खरंच बिघडली आणि गिऱ्हाइकाने परत केली. आता तर सिद्धच झालं ना?

एक नग बिघडला एवढंच सिद्ध झालं. क्रम असा ठेवा. त्याच दिवशी उत्तर द्या: ‘कळवल्याबद्दल आभार. नग बदलून देतो किंवा पैसे परत करतो, तुम्हाला सोयीचं ते सांगा.’ लांबलचक माफी नको. ती वाचून गिऱ्हाइकालाच अवघडल्यासारखं होतं. मग नग मागवा, आणि बिघाडाचं कारण सापडेपर्यंत त्या खेपेतले बाकीचे विकू नका.

रेझिनचा ट्रे चिकट राहिला, ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. तपासायच्या गोष्टी या क्रमाने: डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं? रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांची घनता वेगळी असते, त्यामुळे मापाचं प्रमाण काट्यावर मोजलं की चुकतं. कपाचे तळ आणि कडा खरवडून ढवळलं होतं का? फक्त काही ठिपके चिकट असतील तर हेच कारण. पूर्ण पृष्ठभागावर तेलकट, धुरकट थर असेल तर हवेतल्या दमटपणाचा परिणाम आहे. जुलैत खिडकी उघडी ठेवून ओतलंत तर ठाणे काय आणि ऐरोली काय, हे होणारच. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला असेल, तर त्याने उलटंच होतं. प्रमाण बिघडलं की रेझिन कधीच नीट घट्ट होत नाही. कारण सापडलं की ‘काय बिघडलं’च्या वहीत लिहा. वर्षाअखेरीस मोजा: एकूण किती नग दिले, किती परत आले. हा आकडा लिहिलेला नसेल, तर मनाला ती एकच तक्रार आठवत राहते.

काम पूर्णच होत नाही. उसवतो, पुन्हा शिवतो, पुन्हा उसवतो.

‘झालं’ म्हणजे काय, ते काम सुरू करण्याआधी लिहा. चार ओळी पुरतात: टाके १० सेंटिमीटरला इतके, कडा दोनदा घोटलेल्या, आत नाव-तारीख, वेष्टण. चारही जमलं की नग बाजूला. दुरुस्तीचीही मर्यादा ठरवा: एका जागेला जास्तीत जास्त दोनदा हात. तिसऱ्यांदा उसवलं की चामड्यातली भोकं मोठी होतात, कापडाचे धागे सुटतात, माती थकते. तुमची काळजी तिथपासून वस्तूचंच नुकसान करायला लागते.

कुणी कौतुक केलं की अंग चोरल्यासारखं होतं. काय म्हणावं?

‘आवडलं ना, बरं वाटलं.’ पुरे. ‘नाही हो, बघा ना इथे चुकलंय’ असं बोट दाखवू नका. समोरच्याने आवडीने घेतलेल्या वस्तूतला आनंद तुम्ही काढून घेता, आणि पुढे ती वस्तू हातात घेतली की त्यांना तेवढाच दोष दिसतो.

इन्स्टाग्रामवर इतरांचं काम बघून हातच चालेनासा होतो.

काम सुरू करायच्या आधी बघू नका, नंतर बघा. पहिला तास फोन दुसऱ्या खोलीत. दुसऱ्याचं काम बघताना एकच गोष्ट टिपा: जोड कुठे लपवलाय, रंग कोणते शेजारी ठेवलेत. टिपण्यासारखं काही सापडत नसेल आणि नुसतं खचायला होत असेल, तर ते खातं महिनाभर म्यूट करा. स्वतःच्या पानावर पाच पोस्टमागे एखादी अर्धवट किंवा बिघडलेल्या नगाची टाका, कारणासकट. जाणकार लोक तिथेच बोलायला येतात.

घरचे ‘छंद’ म्हणतात. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, ‘ती फावल्या वेळात करते काहीतरी.’

बहुतेक घरांत हे दुष्टपणाने होत नाही. त्यांना कामाच्या खुणा दिसत नाहीत: ठरलेली वेळ नाही, ठरलेली जागा नाही, पैसे घरखर्चात मिसळतात. त्या खुणा निर्माण करा. वन बीएचकेमध्येही टेबलाची एक बाजू किंवा एक ट्रंक फक्त कामाची असू शकते. अकरा ते दीड अशी वेळ फ्रिजवर लावा. कामासाठी वेगळं बँक खातं उघडा आणि साहित्य त्यातूनच आणा. तीन महिन्यांनी आई-सासूबाईंना आकडा सांगा: ‘आई, या तिमाहीत बावीस नग गेले.’ वाद घालण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो. आणि ज्यांना खरंच छंद म्हणूनच करायचंय, त्यांनी धंद्याचं ओझं का घ्यावं? छंदातलं कसबही कसबच असतं.

सोसायटीत किंवा शाळेत कार्यशाळा घ्यायला बोलावलंय. मला शिकवायचा काय अधिकार?

नवशिक्यांना शिकवायला तुम्ही त्यांच्या दोन-तीन पावलं पुढे असलात तरी चालतं, फक्त तेवढंच शिकवा. अडीच तासांत एकच वस्तू. बारापेक्षा जास्त माणसं एकट्याने घेऊ नका. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं यायला हवीत. तुम्हाला ती वस्तू करायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ नवख्याला लागतो, म्हणून तुमची ४० मिनिटांत होणारी वस्तू निवडा. साहित्याचे १४ संच न्या: बारा त्यांचे, एक तुमचा, एक बिघडला तर. हत्यारं आणि कात्र्या मोजून द्या, मोजून घ्या. न येणारा प्रश्न आला तर ‘हे मला माहीत नाही, बघून ग्रुपवर टाकतो’ म्हणा आणि खरोखर टाका. शिकवणाऱ्यावरचा विश्वास अशाने वाढतो.

सरकारी ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र घेतलं तर ही भावना जाईल का?

भावना जाणार नाही, पण इतर फायदे आहेत. हस्तकला विकास आयुक्तालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र सरकारी मेळ्यांसाठी उपयोगी पडतं. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना कुंभार, सुतार, शिंपी, मूर्तिकार, सोनार, चर्मकार, टोपल्या-चटया आणि बाहुल्या-खेळणी करणारे अशा १८ परंपरागत व्यवसायांसाठी आहे. त्यात प्रशिक्षण मिळतं, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. रेझिन किंवा क्रोशे त्यात बसत नाही. न बसल्याने तुमचं काम खोटं ठरत नाही; ती यादी मदतीची आहे.

हे नुसतं स्वतःला कमी लेखणं नसून जास्त काही आहे, हे कधी समजावं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक बिघडली असेल, एरवी आवडणारं कामही नकोसं झालं असेल, मिळालेल्या ऑर्डरी वारंवार नाकारल्या जात असतील, सकाळी छातीत धडधडून जाग येत असेल, तर वह्या-रकान्यांनी भागणार नाही. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाणारा प्रत्येक माणूस ‘वेडा’ नसतो, हे वेगळं सांगायची गरज आता उरू नये. जीव नकोसा वाटत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा, आधी तो फोन लावा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा.

माझी मैत्रीण उत्तम दागिने करते, पण सारखी म्हणते ‘माझं काही खरं नाही’. मी तिला काय सांगू?

‘अगं, मस्त करतेस तू!’ हे ती शंभरदा ऐकून बसली आहे आणि तिने ते शंभरदा खोडलंय. तिच्या हातची एक वस्तू उचला आणि दिसेल तेवढंच बोला: ‘या कर्णफुलाचा हूक मी आठ महिने घालतेय, अजून वाकला नाही. तार किती जाडीची वापरतेस?’ ती तारेबद्दल बोलू लागेल. बोलू द्या.